कर्णधार, मुख्याध्यापक, अध्यक्ष

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळणाऱ्याला पगार मिळत नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ८२ हजारांवर प्रेक्षक मावतात. तिथे रविवारी अंतिम सामना खेळलेला खेळाडू काही दिवसांत पुन्हा वर्गात शिकवायला उभा असतो, नाहीतर शेतात किंवा कचेरीत असतो. इथे खेळाडूंचा लिलाव होत नाही. गावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, खेळायचं, ही रीत. १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, हा सगळा डोलारा सांभाळते, आणि तोही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये या संस्थेचं अध्यक्षपद आर्मा काउंटीचे माजी कर्णधार जार्लथ बर्न्स यांच्याकडे आलं.

बर्न्स मिडफिल्डर होते. उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतचं सिल्व्हरब्रिज हे त्यांचं गाव. त्यांच्या नेतृत्वाखाली आर्मानं १९९९ साली अल्स्टर प्रांताचं अजिंक्यपद मिळवलं. त्याआधीचं १९८२ सालचं होतं. पुढे अखिल आयर्लंड स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मीथ काउंटीनं त्यांना हरवलं आणि बर्न्स निवृत्त झाले. तीनच वर्षांनी, २००२ मध्ये, आर्मानं पहिल्यांदा अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं. तेव्हा ते संघात नव्हते. पुढे ते बेसब्रुकच्या शाळेत मुख्याध्यापक झाले, टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करू लागले. कारभाराचं शिक्षण मात्र त्यांना मिळालं ते एका रुक्ष वाटणाऱ्या ठिकाणी: खेळाच्या नियमांच्या समितीत.

ते काम समजायला खेळ थोडा बघायला हवा. चेंडू हातात धरून चार पावलांहून जास्त पळता येत नाही. मग तो एकदा जमिनीवर आपटायचा, किंवा पायावर सोडून चवड्यानं परत हातात उडवायचा; लागोपाठ दोनदा आपटला तर चूक. गोलजाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून खांबांमधून गेला तर सहसा एक. गोलरक्षक चेंडूला लांब किक मारतो तेव्हा मिडफिल्डर उंच उडी मारून तो हवेत झेलतो, आणि खाली उतरतो तोच तीन-चार जण त्याला घेरतात. इतकी सुंदर झेप घेणाऱ्याच्या पदरी शिक्षाच पडायची. बर्न्स अध्यक्ष असलेल्या समितीनं यावर उपाय सुचवला: ४५ मीटरच्या रेषेपलीकडे असा चेंडू स्वच्छ झेलला तर झेलणाऱ्याला फ्री किक. हा नियम २०१७ मध्ये लागू झाला. मधल्या फळीत वर्षानुवर्षं उड्या मारलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो.

म्हणून नावाजलेला खेळाडू आपोआप चांगला प्रशासक होतो, असं नाही. जीएएत नियम बदलायचा तर वार्षिक अधिवेशनात ६० टक्के मतं लागतात, आणि मत देणारे असतात काउंट्यांचे प्रतिनिधी. त्यांना आदेश देऊन भागत नाही, पटवून द्यावं लागतं. बर्न्स यांनाही हे चुकलं नाही. २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत न्यूयॉर्कचे लॅरी मॅकार्थी जिंकले, बर्न्स हरले. तीन वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. आधीच्या पराभवानं त्यांचं भलंच झालं असावं. मतदारांच्या दारी दुसऱ्यांदा जाणारा उमेदवार जास्त ऐकून घेतो.

अध्यक्ष होताच त्यांनी सर्वांत अवघड प्रश्न हाती घेतला. खेळ कंटाळवाणा झाला होता. संघ पंधराच्या पंधरा खेळाडू मागे ओढून भिंत उभी करायचे आणि समोरचे चेंडू आडवा-आडवा फिरवत बसायचे. डब्लिनला सलग पाच विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्याकडे बर्न्स यांनी नियम बदलण्यासाठीच्या समितीची सूत्रं दिली. समितीनं बदल आधी क्रोक पार्कवर प्रांतांच्या सामन्यांत करून पाहिले. गोलाला चार गुण देण्याची कल्पना त्यात टिकली नाही. ती सोडून देण्यात आली. बाकीचे बदल नोव्हेंबर २०२४ च्या विशेष अधिवेशनात मोठ्या बहुमतानं मंजूर झाले. ४० मीटरच्या कमानीबाहेरून चेंडू दांडीवरून मारला तर दोन गुण. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात. पंचाशी हुज्जत घातली तर चेंडू ५० मीटर पुढे. २०२५ च्या हंगामात सामने पुन्हा वेगवान झाले. खेळाच्या भल्यासाठी आपल्याच सवयी मोडायला लोकांना तयार करणं, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम वाटतं.

दरम्यान २८ जुलै २०२४ रोजी आर्मानं गॉलवेला एका गुणानं हरवून दुसरं अखिल आयर्लंड विजेतेपद पटकावलं. विजेत्या चमूत बर्न्स यांचा मुलगा होता, आणि विजेत्यांचा सॅम मग्वायर चषक कर्णधार एडन फोर्करच्या हाती देणारे अध्यक्ष त्याचे वडील होते.

पुढची कसोटी महिलांच्या खेळाची आहे. महिलांचं गेलिक फुटबॉल आणि कॅमोगी हा महिलांचा काठी-चेंडूचा खेळ यांच्या दोन वेगळ्या संघटना आहेत, एक १९७४ ची, दुसरी १९०४ ची. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं तिन्ही संस्था २०२७ पर्यंत एकत्र आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. बर्न्स यांची तीन वर्षांची मुदत त्याच वर्षी फेब्रुवारीत संपते. मैदानं बहुतेक जीएएच्या क्लबांच्या मालकीची आहेत, आणि सरावासाठी तिथली वेळ महिला संघांना अजूनही मागून घ्यावी लागते.