आईकडून आलेला मधुमेह आणि हृदयाचा स्नायू

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ३२४३ क्रमांकाच्या जागी 'ए'ऐवजी 'जी' आला, की मधुमेह आणि बहिरेपण जोडीने येऊ शकतात. १९९२ मध्ये एका डच कुटुंबाच्या अभ्यासातून हे पुढे आले. हा दोष आईकडूनच उतरतो. अशा रुग्णाच्या टूडी एकोत हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसली, की खापर साखरेवर नाहीतर रक्तदाबावर फुटते. ते अगदीच चूक नाही, दोन्हींनी हा स्नायू जाडावतो. पण दोष असूनही साखर आणि रक्तदाब नॉर्मल असलेल्यांतही ही जाडी आढळते. म्हणजे मूळ दुखणे स्नायूतच आहे: ऊर्जा अपुरी पडते, पेशी सदोष मायटोकॉन्ड्रियांचीच संख्या वाढवत राहते.

एवढा दुर्मीळ आजार शोधायचा कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. मधुमेहींत त्याचे प्रमाण फार तर टक्क्याच्या आसपास. सरसकट तपासणी नकोच. पण निदानाने औषधही बदलते, कारण लॅक्टिक आम्ल वाढण्याच्या भीतीने मेटफॉर्मिन सहसा टाळतात. आईच्या बाजूला मधुमेह आणि कमी ऐकू येणे दोन्ही असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जनुकीय चाचणी शक्यतो लघवीच्या नमुन्यावर करावी. रक्तातले सदोष डीएनएचे प्रमाण वयानुसार घटत जाते.