तळघरातले सॉकेट आणि एमसीबीविषयीचा समज

एमसीबी (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) बसवला की शॉकची भीती संपली, असा समज मेहकरसारख्या गावांत घर बांधताना सहज होतो. गिलावा न झालेल्या, ओल धरणाऱ्या तळघरात हा समज जिवावर बेतू शकतो. एमसीबी वाचवतो ती वायर. २३० व्होल्टच्या वायरीला हात लागला, तर ओल्या पायांनी काँक्रीटवर उभ्या माणसाच्या अंगातून साधारण ०.१ ते ०.२ अँपिअर प्रवाह जातो. हृदय बंद पडायला तेवढा पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

ते काम आरसीसीबीचे (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच). शेतातून निघालेली आणि बाजार समितीत उतरलेली पोती ताडून पाहणाऱ्या मुकादमासारखा तो फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०३ अँपिअरच्या तफावतीला पडतो. जादा लोड त्याला कळत नाही, म्हणून एमसीबीही हवाच. जमिनीशी संबंध नसताना कोणी फेज-न्यूट्रल एकदम धरले, तर हिशेब जुळतो आणि दोन्ही स्विच गप्प राहतात.

अर्थिंग तरीही लागतेच. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. सॉकेट पावसाळी पाण्याच्या पातळीहून बरेच वर असावे आणि आरसीसीबीवरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे.