वर्तमानपत्राचा धनी कोण?

वर्तमानपत्र हा समाजाचा आरसा होय, असे वाक्य आपण सर्वांनीच शाळेतील निबंधात लिहिलेले आहे. परंतु हा आरसा कोणी विकत आणला, कोणत्या भिंतीवर टांगला आणि त्याच्यासमोर कोणाला उभे केले, याचा विचार आपण क्वचितच करतो. कारापूरच्या तिस्कावर वा साखळीच्या बाजारात सकाळी जे अंक मिळतात, त्यांपैकी काहींचे घर पणजीत, तर काहींचे मूळ घर बेळगाव वा पुणे येथे आहे. प्रत्येक अंकामागे तीन धनी उभे असतात : भांडवल घालणारा मालक, नियम करणारे सरकार आणि ज्याच्यासाठी अंक काढला जातो तो वाचक. या तिघांची ओढाताण कशी चालते, हे गोमंतकाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

सरकारचा हात

आशिया खंडातील पहिला युरोपीय पद्धतीचा छापखाना १५५६ साली गोव्यात, सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमी लिपीत. परंतु ज्या भूमीत मुद्रणकला इतक्या लवकर आली, तेथे पहिले वर्तमानपत्र निघण्यास २२ डिसेंबर १८२१ हा दिवस उजाडावा लागला. ते 'गाझेत द गोवा' होय, आणि त्याचा धनी सरकारच होते. छापखाना असणे आणि वृत्तपत्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यासाठी यंत्र पुरते, दुसऱ्यासाठी मोकळीक लागते.

पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि ही मोकळीक काही काळ लाभली. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये 'ओ देबात' काढले. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये केप्याहून 'भारत' सुरू केले. पुढे सालाझारची सत्ता आली आणि ११ एप्रिल १९३३ च्या फर्मानाने छपाईपूर्व तपासणी कायम झाली. ब्रागांझा यांचे 'प्रकाश' १९३७ मध्ये बंद पडले. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी तपासनिसाच्या नजरेखालून जावी लागे! ज्यांना मोकळेपणाने लिहावयाचे होते त्यांना सीमा ओलांडावी लागली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांनी 'फ्री गोवा' मुंबईहून काढले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेपलीकडील जंगलातून गुप्त नभोवाणी चालविली. दार बंद केले म्हणजे वारा थांबत नाही, तो फटीतून येतो.

मालकाचा हात

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तपासनीस गेला आणि त्या मोकळ्या जागी भांडवल आले. ते कोठून येणार? त्या काळी गोव्यात मोठा पैसा लोहखनिजाच्या धंद्यात होता. चौगुले उद्योगसमूहाने १९६२ मध्ये मराठी दैनिक 'गोमंतक' सुरू केले. १९६३ मध्ये इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' निघाले, त्यामागे धेंपे व साळगावकर ही खाणमालक घराणी होती. १९७० मध्ये धेंपे समूहाचे मराठी 'नवप्रभा' आले. या उद्योगपतींनी पैसा घातला नसता तर मुक्त गोव्याला आधुनिक दैनिके इतक्या लवकर मिळाली नसती, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच वेळी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या डिचोली तालुक्याला विशेष जवळचा आहे. खाणी याच तालुक्यात होत्या. खनिजाचे ट्रक येथील रस्त्यांवरून धावत, धूळ येथील घरांवर बसे आणि मजुरीही येथील घरांतच येई. शिरगावच्या विहिरींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ज्याची धूळ आमच्या अंगणात, त्याचेच वृत्तपत्र आमच्या ओसरीवर, अशी स्थिती येथे दीर्घकाळ होती. एखाद्या मालकाने अमुक बातमी दडपली, असा आरोप येथे करावयाचा नाही. मालकाने एक शब्दही न उच्चारता संपादकाची लेखणी सावध होऊ शकते, एवढेच सांगावयाचे आहे. जी बातमी कोणी रोखली नाही परंतु कोणी लिहिलीही नाही, तिचा हिशेब कोणत्याही न्यायालयात लागत नाही.

वाचकाचा हात

तिसरा धनी वाचक. त्याचे सामर्थ्य १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दिसले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, हा प्रश्न होता. 'गोमंतक' विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते. विरोधी पक्षाचे म्हणणे मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांपर्यंत पोहोचविण्याचे काम मडगावच्या 'राष्ट्रमत'ने केले. त्याचे संपादक चंद्रकांत केणी होते, आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच गाजले. पेडणे व डिचोलीत विलीनीकरणाला मोठा पाठिंबा होता, तरी एकंदर निकाल संघप्रदेशाच्या बाजूने लागला : १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. दोन्ही पत्रे मराठीच, लिपी एक, वाचकही बहुधा शेजारी, आणि मते मात्र परस्परविरुद्ध. ज्या घरात दोन्ही अंक येत असतील, त्या घराने मतदान अधिक डोळसपणे केले असणार.

वाचक कोण, यावर भाषाही ठरते. श्रमिकांसाठी १९३३ मध्ये 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक निघाले, ते रोमी लिपीतील कोंकणीत. कारण तो श्रमिक तेच वाचू शकत होता. 'ओ हेराल्दो' १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून जन्मले. पोर्तुगीज वाचणारी पिढी ओसरली तेव्हा १९८३ मध्ये त्याने इंग्रजीचा अंगीकार केला. देवनागरी कोंकणीतील 'सुनापरान्त' १९८७ मध्ये निघाले आणि २०१५ मध्ये बंद झाले. भाषेवर प्रेम असणे आणि तिचा अंक रोज पैसे देऊन घेणे, यांत अंतर आहे. ते अंतर जाहिरातदाराला आपल्यापेक्षा लवकर कळते.

कायद्याची मर्यादा

मग कायद्यानेच सर्व सरळ का करू नये? तसा प्रयत्न झाला. मोठ्या पत्रांनी लहानांना गिळू नये म्हणून १९५६ च्या कायद्याने व १९६० च्या आदेशाने किमतीनुसार पानांची संख्या बांधून देण्यात आली. पुण्याचे 'सकाळ' त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पाने व खप यांवर बंधन घालणे म्हणजे विचारस्वातंत्र्यावरच बंधन घालणे होय, असे ठरवून न्यायालयाने १९६१ मध्ये ती योजना रद्द केली. हेतू चांगला होता, परंतु लहानाला जपण्यासाठी उगारलेली काठी कोणावरही पडू शकते. १९६६ मध्ये स्थापन झालेली प्रेस कौन्सिल आणीबाणीत बरखास्त झाली आणि १९७९ मध्ये पुन्हा उभी राहिली. ती चूक दाखवू शकते, कानउघाडणी करू शकते, परंतु दंड करू शकत नाही. १८६७ चा जुना मुद्रण कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा अमलात आला आहे. तथापि कायदा फार तर मालकाचे नाव सांगेल. ते वाचण्याचे कष्ट आपणच घेतले पाहिजेत.

घराघरांत काय करता येईल?

वाचकहो, उपाय मोठे नाहीत. अंकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे असतात, ती एकदा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. ज्या प्रश्नाशी मालकाचा व्यवहार जोडलेला असेल, त्याची बातमी दुसऱ्या अंकातही पाहावी. ग्रामपंचायतीची सभा, पाण्याचा तुटवडा, रस्त्यावरील अपघात, अशा आपल्या गावच्या घटना छापून आल्या की नाही, आणि आल्या तर कशा, हे ताडून पाहावे. कारण तेथे आपण स्वतःच साक्षी असतो. न आल्यास संपादकांस चार ओळींचे सभ्य पत्र लिहावे.

ज्या मंडळींचे नाव घेऊन बाजू मांडणारा कोणी नाही, अशा ट्रकचालकाची, शेतकऱ्याची, आटलेल्या विहिरीवरील बाईची गोष्ट कोणता अंक सांगतो, हे पाहून मगच पैसे टाकावेत. मालकाकडे भांडवल आहे, सरकारकडे कायदा आहे, आणि आपल्या हाती सकाळी मोजलेली ती चार नाणी आहेत. ती विचारपूर्वक खर्च केली, तर तिसरा धनीही दुर्बळ नाही.