नळीचे माप कोण ठरवतो?

दुधनीला आमच्या तुरीच्या राखणीला आजोबांची एकनळी बंदूक असे. तिच्यावर 12 हा आकडा होता. लहानपणी मला वाटे, ही बारावी बंदूक! खरे तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. म्हणूनच 20 बोअर 12हून बारीक. .410 मात्र सरळ इंचातले माप.

बिजागरीवर मोडणाऱ्या बंदुकीची नळी उतरवता येते, तेव्हा त्याच दस्त्याला दुसरीही लावता येईल. अमेरिकेत 1967 साली आलेल्या ‘थॉम्पसन सेंटर कंटेंडर’ या एकबारी पिस्तुलाने याच सोयीवर नाव काढले. सशाला .22, हरणाला मोठे काडतूस. पण सांगाडा तोच राहतो. काडतुसाचा दाब त्याला सोसेल का, हे नळीचा व्यास सांगत नाही.

आपल्याकडे ही निवड शिकाऱ्याच्या हाती होतीच कुठे? विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी हिंदुस्थानात खासगी .450वर बंदी घातली. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील ही धास्ती. विलायती कारागिरांनी .470 काढली. वाघाला तो फरक काय कळणार! .303 लष्कराची, म्हणून नागरिकांना .315; तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे.

1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारच थांबली. मग काळवीट तुरीत शिरले की आजोबा नुसता बार काढीत. नळी मात्र दर दिवाळीआधी उतरवून, तेल लावून पुसत.