पिसवा पुन्हा पुन्हा का येतात?

पिसू की गोचीड? पिसू सहा पायांची, चपटी, बिनपंखी, उडी मारते. गोचीड आठ पायांची, कातडीला चिकटून बसते. कुत्र्यावर सर्वाधिक आढळणाऱ्या जातीचे नाव मात्र ‘मांजर-पिसू’.

खरा साठा घरात: मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती केसांतून गळून चटईत, सोफ्याच्या फटीत, जिन्याखाली पडतात. अंगावर दिसतात त्या सुमारे ५ टक्केच. बाकी सारे अंडी, अळ्या, कोष. कोषावर फवारणी फारशी चालत नाही आणि तो काही महिने तग धरतो. म्हणूनच एका आंघोळीने भागत नाही. पशुवैद्याने दिलेले औषध किमान तीन महिने, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, एकाच वेळी.

सोलापूरचे ऊन: अळीला ओलावा लागतो. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा उघड्या अंगणात ती टिकत नाही. सात रस्ता परिसरातल्या घरांतही लक्ष द्यायचे ते सावलीच्या, दमट कोपऱ्यांकडे. पावसाळ्यात तर विशेष.

अंथरूण: कुत्र्याखालची जुनी चादर दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवावी, उन्हात वाळवावी. झाडलेला केर पिशवीत बांधून लगेच बाहेर.

सावधान: कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरू शकते.

पोटातही: अंग चावताना पिसू गिळली गेली, तर कुत्र्याला पट्टकृमी होऊ शकतो.

प्लेगची पिसू वेगळी: ती उंदरावरची. तिचा प्लेगशी दुवा संशोधक पॉल-लुई सिमॉन्द यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवला.