चात्या, पाळी आणि कामगार

वऱ्हाडातल्या सूतगिरणीत उन्हाळ्यात दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. कोरड्या हवेत धागा वारंवार तुटतो, म्हणून खात्यात दमटपणा राखावा लागतो. पण बाहेर पारा चाळिशीपार असताना त्याच दमट हवेत कामगाराचा घाम वाळत नाही. धागे जास्त तुटले की सांधायचे कामही वाढते. कामगाराकडच्या चात्यांची संख्या मात्र बारा महिने तीच असेल, तर मे महिन्यातले काम कागदावर दिसते त्याहून जड होते. कामाची आखणी इथूनच सुरू व्हायला हवी. अंगावर भार मोठा आणि हातात अधिकार थोडा, अशा कामात ताण सर्वाधिक असतो, असे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये मांडले. यंत्राच्या वेगामागे धावणारा गिरणी कामगार नेमका तिथे बसतो.

कामाच्या आखणीवरचा गाजलेला प्रयोग भारतातच झाला. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते, तरी उत्पादन अपेक्षेइतके येत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांना 1953 मध्ये कारण दिसले ते मांडणीत. विणणारा, बॉबिन भरणारा, धागा सांधणारा, तेल घालणारा अशा प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी. त्यामुळे कोणाचीच कोणाशी पक्की जोडी नव्हती आणि बिघाडाची जबाबदारीही कोणा एकाची नव्हती. मग ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवण्याची कल्पना पुढे आली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गटातले सोबती स्वतःच निवडले. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. तिसरी पाळी सुरू झाल्यावर घडी विस्कटली, ती पुन्हा बसवावी लागली. पुढे सगळ्याच खात्यांत ही पद्धत टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. गट नेमून व्यवस्थापन मोकळे होत नाही.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये प्रश्न धुळीचा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसाच्या विकारात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. तिथे तोंडाला रुमाल बांधायला सांगणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कच्चा उपाय. धूळ यंत्रापाशीच ओढून घेणे, जिनिंगच्या रेच्यापुढची माणसे आलटून-पालटून बदलणे हे आधी यावे.

या सगळ्याला रोजगाराच्या खात्रीचा पाया लागतो. अचलपूरची फिनले मिल मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि टाळेबंदी उठल्यावरही कामगारांना कामासाठी आंदोलने करावी लागली.