पोटनिवडणुकीच्या दाराने

शिराळा तालुक्यातल्या बायकांना राजकारण नवं नाही. 1930 साली बिलाशीत जंगल सत्याग्रह पेटला, पोलिसांनी गोळीबार केला, त्या लढ्यात बायकाही उतरल्या होत्या. पण गेल्या चार दशकांत शिराळ्याचे आमदार कोण? शिवाजीराव देशमुख, शिवाजीराव नाईक, मानसिंगराव नाईक आणि 2024 पासून सत्यजित देशमुख.

आसपासच्या मतदारसंघांतून बायका निवडून गेल्या, पण कशा, तेही बघण्यासारखं आहे. पतीच्या निधनानंतर 1973 च्या पोटनिवडणुकीत प्रेमलाकाकी चव्हाण कराडच्या खासदार झाल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, त्यांची सांगलीची जागा रिकामी झाली आणि 1983 साली त्यांच्या पत्नी शालिनीताई पाटील लोकसभेत गेल्या. आर. आर. आबा पाटील गेले, 2015 च्या पोटनिवडणुकीत तासगाव-कवठेमहांकाळमधून त्यांच्या पत्नी सुमनताई आमदार झाल्या. तिन्ही वेळा घरातली जागा घरातच राहिली. म्हणून या बायका कच्च्या होत्या असं मात्र नाही. काकी पुढेही निवडून आल्या. शालिनीताईंनी तर 1999 आणि 2004 साली कोरेगावातून स्वतःच्या बळावर आमदारकी मिळवली.

गावात गोष्ट वेगळी. 1961 च्या जिल्हा परिषद कायद्याच्या काळात बाई बहुधा स्वीकृत सदस्य, म्हणजे सभेतली शोभा. 1990 साली राज्याने 30 टक्के जागा राखल्या, 73 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश केल्या आणि 2011 पासून निम्म्या. मग सोडतीत चिठ्ठी निघाली की पॅनलप्रमुख रात्रीत उमेदवार शोधू लागले. कुणाची सून, कुणाची वहिनी. 'सरपंचपती' तेव्हापासून चेष्टेचा विषय झाला. मला ही चेष्टा अर्धवट वाटते. इथल्या कितीतरी पुरुष सरपंचांचाही दोर गटाच्या, कारखान्याच्या हातात असतो, त्यांना कुणी 'गटाचा नवरा' म्हणत नाही! उलट ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आली, दारूबंदीसाठी आडव्या बाटलीचं मतदान आलं, आणि शिक्का आपल्या नावाचा आहे हे कळलेल्या बाईने पाण्याचा प्रश्न लावून धरला की नवऱ्यालाच सभेबाहेर थांबावं लागतं.

वर मात्र सोडत नाही, तिकीट आहे. 2024 च्या विधानसभेत 288 पैकी 21 महिला आल्या, आधीच्या 24 पेक्षाही कमी. 2023 च्या महिला आरक्षण कायद्याने एक तृतीयांश जागा कागदावर राखल्या, पण जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून. शिराळा त्यात राखीव निघालाच, तर इथले नेते उमेदवार शोधायला बाहेर पडतील आणि बहुधा आपल्याच उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबतील.